रेस्टॉरंटमध्ये इंग्रजीतून ऑर्डर देणे कसे शिकवावे : सुरुवात वेटरच्या प्रश्नांपासून

इंग्रजी संभाषणाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत रेस्टॉरंटचा एक धडा असतो आणि तो साधारण एकाच साच्याचा असतो. ग्राहक मेन्यू मागतो, वेटर तो आणून देतो, ग्राहक दोन पदार्थ सांगतो, जेवण येते, बिल दिले जाते आणि दोघे एकमेकांचे आभार मानतात. विद्यार्थी हा संवाद पाठ करतात, जोडीने म्हणून दाखवतात, आणि प्रत्यक्ष टेबलाशी बसल्यावर पहिल्याच मिनिटाला गांगरतात. स्वतःचे वाक्य येत नाही म्हणून गांगरणारे विद्यार्थी थोडे असतात. ‘चिकन सूप, प्लीज’ एवढे कोणालाही म्हणता येते. खरी पंचाईत त्यानंतर होते, कारण वेटर काहीतरी विचारतो, तेही भरभर विचारतो, आणि पाठ केलेल्या संवादात तो प्रश्न कुठेच नसतो. म्हणून हा विषय वेटरच्या प्रश्नांपासून शिकवायला घ्यावा आणि ग्राहकाची वाक्ये त्यांच्या मागून आणावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीत जेवणाची ऑर्डर देता येणे हे ए२ पातळीवरचे कौशल्य मानले आहे, म्हणजे ते अगदी प्राथमिक ए१ पातळीच्या पुढचे आहे. त्यामुळे या पाठाला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्यांना शंभरपर्यंतचे आकडे ऐकून ओळखता यावेत, साधे प्रश्न विचारता यावेत आणि ‘कॅन’ हे क्रियापद परिचयाचे असावे. एवढी तयारी असलेल्या वर्गाला एकेका तासाच्या तीन तासिका पुरतात. मोठ्या वर्गात नाट्यीकरणाला जास्त वेळ लागतो, तिथे चौथी तासिका हाताशी ठेवावी.

पहिली पायरी : योग्य मेन्यू निवडणे

मेन्यू शक्यतो खरा असावा, पण एका पानाचा असावा. सुरुवातीचे प्रकार, मुख्य पदार्थ, सोबतचे पदार्थ, गोड पदार्थ आणि पेये असे विभाग त्यात असले आणि एकूण पदार्थ बारा-पंधरा असले, की काम भागते. चित्रे असलेला मेन्यू टाळावा. चित्र दिसले की विद्यार्थी वाचायचे सोडून बोट ठेवतात.

मेन्यू वाचून घेताना पदार्थांची नावे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये, कारण प्रत्येक ठिकाणी नावे बदलतात आणि त्यांतली निम्मी इंग्रजी भाषकांनाही वेटरला विचारावी लागतात. त्याऐवजी सगळीकडे पुन्हा पुन्हा येणारे शब्द पक्के करावेत. पदार्थ शिजवण्याच्या पद्धती सांगणारे ‘ग्रिल्ड’, ‘रोस्टेड’, ‘स्टीम्ड’, ‘डीप-फ्राइड’, ‘बेक्ड’ हे शब्द, आणि पदार्थासोबत काय येते ते सांगणारे ‘सर्व्ह्ड विथ’ व ‘युअर चॉइस ऑफ’ हे शब्दगट ओळखता आले, तर अनोळखी नावाच्या पदार्थाचाही बराचसा अंदाज बांधता येतो. ‘युअर चॉइस ऑफ’ हा शब्दगट तर धोक्याची सूचनाच समजावा, कारण मेन्यूवर तो जिथे छापलेला असतो तिथे वेटर हमखास प्रश्न विचारतो. विद्यार्थ्यांना तो शोधून अधोरेखित करायला सांगावे आणि ‘इथे वेटर काय विचारेल?’ असे विचारावे. पुढच्या पायरीची निम्मी तयारी याच प्रश्नात होते.

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीतला फरक इथे दोन-तीन उदाहरणांपुरताच सांगावा. ब्रिटनमध्ये ‘चिप्स’ म्हणजे बटाट्याचे गरम तळलेले तुकडे, तर अमेरिकेत त्यांना ‘फ्राइज’ म्हणतात आणि ‘चिप्स’ म्हणजे पाकिटातले कुरकुरीत काप. अमेरिकन मेन्यूवरचा ‘आँत्रे’ हा मुख्य पदार्थ असतो; ऑस्ट्रेलियात त्याच शब्दाखाली सुरुवातीचा पदार्थ येतो. याहून लांब यादी दिली, तर विद्यार्थी यादीच लक्षात ठेवतात आणि ऑर्डर देणे विसरतात.

दुसरी पायरी : वेटरचे प्रश्न ओळखणे

पाठाचा गाभा हाच आहे, आणि पहिल्या तासिकेचा निम्म्याहून अधिक वेळ इथे द्यावा. रेस्टॉरंटमधले बोलणे बरेचसे ठरलेल्या क्रमाने चालते. दाराशी ‘डू यू हॅव अ रिझर्वेशन?’ किंवा ‘टेबल फॉर टू?’ असे विचारतात. बसल्यावर ‘कॅन आय गेट यू समथिंग टू ड्रिंक?’ आणि पाणी मागितले तर ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ (साधे की बुडबुड्यांचे), थोड्या वेळाने ‘आर यू रेडी टू ऑर्डर, ऑर डू यू नीड अ फ्यू मोअर मिनिट्स?’, ऑर्डर देताना ‘सूप ऑर सॅलड?’, ‘हाउ वुड यू लाइक दॅट कुक्ड?’, ‘एनिथिंग एल्स?’, जेवताना ‘इज एव्हरीथिंग ओके?’, शेवटी ‘एनी डिझर्ट्स?’ आणि ‘टुगेदर ऑर सेपरेट?’ हे प्रश्न येतात. काउंटरवर घ्यायचे असेल तर ‘फॉर हिअर ऑर टू गो?’ किंवा ब्रिटिश वळणाचा ‘ईट इन ऑर टेक अवे?’ हा एक प्रश्न ठरलेलाच.

हे प्रश्न फळ्यावर लिहून समजावले, तर सगळ्यांना समजतात. पण लिहिलेला प्रश्न आणि उच्चारलेला प्रश्न यांत मोठे अंतर असते. ‘फॉर हिअर ऑर टू गो’ हे पाच शब्द प्रत्यक्षात ‘फ्रिअर्टुगो’ असे एकाच फटक्यात कानावर आदळतात. ‘सूप ऑर सॅलड’ हे ‘सूपरसॅलड’ असे ऐकू येते. ते एखाद्या झकास सॅलडचे नाव आहे असे समजून विद्यार्थी आनंदाने ‘यस’ म्हणतो आणि वेटर वाट पाहत उभा राहतो. म्हणून हे प्रश्न आधी ऐकवावेत आणि मग लिहावेत. प्रत्येक प्रश्न आधी नेहमीच्या वेगाने, मग शब्द सुटे करून, आणि पुन्हा नेहमीच्या वेगाने असा तीनदा म्हणावा. शेवटचे ऐकवणे गाळू नये, कारण विद्यार्थ्याला बाहेर तोच वेग भेटणार असतो.

यानंतर एक साधा पण फार उपयोगी सराव घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन कार्डे द्यावीत : एकावर ‘हो किंवा नाही’, दुसऱ्यावर ‘दोनांतले एक’ आणि तिसऱ्यावर ‘माहिती’ असे लिहिलेले असावे. शिक्षकाने वेटरचे प्रश्न उलटसुलट क्रमाने, न थांबता विचारावेत आणि विद्यार्थ्यांनी उत्तर न देता फक्त योग्य कार्ड वर करावे. ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ला ‘दोनांतले एक’, ‘इज एव्हरीथिंग ओके?’ला ‘हो किंवा नाही’, ‘हाउ मेनी आर यू?’ला ‘माहिती’. प्रश्नातला प्रत्येक शब्द कळला नाही तरी कोणत्या जातीचे उत्तर हवे आहे हे ओळखता आले, की निम्मी भीती जाते. दोन पर्यायांच्या प्रश्नात पहिल्या पर्यायावर आवाज चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो, हे हाताच्या खुणेने दाखवावे. ही चढउतार कानात बसली की चुकीच्या जागी ‘यस’ म्हणणे आपोआप कमी होते. कार्डांचा सराव नीट झाला की तेच प्रश्न पुन्हा घ्यावेत आणि या वेळी एक-दोन शब्दांत उत्तरे मागावीत. पूर्ण वाक्याचा आग्रह धरू नये. ‘स्पार्कलिंग, प्लीज’ हे उत्तर परिपूर्ण आहे.

तिसरी पायरी : मागण्याची मोजकी वाक्ये

मराठीत ‘मला एक कॉफी द्या’ हे वाक्य पुरेसे सभ्य आहे, कारण आदर ‘द्या’ या क्रियारूपातच सामावलेला असतो. तेच वाक्य शब्दशः उचलून ‘गिव्ह मी वन कॉफी’ म्हटले, की इंग्रजीत ते हुकूम सोडल्यासारखे वाटते, कारण इंग्रजी क्रियापदाला असे आदरार्थी रूप नाही आणि तिथे सौजन्य वाक्याच्या घडणीतून दाखवावे लागते. ‘प्लीज’ जोडल्याने थोडा फरक पडतो, पण ‘प्लीज गिव्ह मी’ या रचनेतली आज्ञा लपत नाही. विद्यार्थी उद्धट नसतो, तो मराठीतला सभ्यपणा इंग्रजीत घेऊन येत असतो. हे वर्गात एकदा मोकळेपणाने सांगितले, की दुरुस्ती टोचत नाही. ‘आय वॉन्ट’ची गतही साधारण अशीच आहे.

पर्याय म्हणून तीनच साचे द्यावेत : ‘कॅन आय हॅव…’, ‘आय’ल हॅव…’ आणि ‘आय’ड लाइक…’. ‘कुड आय गेट’, ‘मे आय हॅव’ वगैरे रूपे कानावर पडली तर समजावीत, पण बोलण्यासाठी तीन साचे भरपूर आहेत. ‘आय’ल’ आणि ‘आय’ड’ यांचे व्याकरण इथे उलगडत बसू नये. भविष्यकाळ, संकेतार्थ यांची चर्चा सुरू झाली की तासिका त्यातच संपते. अख्खा तुकडा जसाच्या तसा तोंडात बसवावा आणि पुढे फक्त पदार्थ बदलावा.

‘आय’ड लाइक’मधल्या ‘ड’कडे मात्र काटेकोर लक्ष द्यावे. तो गळला की ‘आय लाइक द मशरूम सूप’ असे वाक्य होते, म्हणजे ग्राहकाने आपली आवड सांगितली, ऑर्डर दिलीच नाही. ज्यांना हा ‘ड’ जमत नाही त्यांनी सरळ ‘कॅन आय हॅव’ वापरावे. आणखी एक बारकावा : मेन्यूवरच्या पदार्थाचे नाव घेताना ‘द’ लावतात, कारण तो पदार्थ दोघांच्या समोर छापलेला असतो, ‘आय’ल हॅव द ग्रिल्ड फिश’. पेयांच्या बाबतीत व्याकरणाच्या तासाला शिकवलेला नियम बिनदिक्कत मोडला जातो आणि ‘टू कॉफीज’, ‘अ वॉटर’ असे सर्रास म्हणतात. चौकस विद्यार्थी यावर बोट ठेवतोच. तेव्हा इथे मोजले जातात ते कप आणि ग्लास, एवढे सांगून पुढे जावे.

उच्चारांत जिथे अर्थ बदलतो तेवढ्याच जागा धराव्यात. ‘स्नॅक’ आणि ‘स्नेक’ यांतला ‘ॲ’ आणि ‘ए’, शेवटच्या अक्षरावर जोर असलेला ‘डिझर्ट’ म्हणजे गोड पदार्थ आणि पहिल्या अक्षरावर जोर असलेला ‘डेझर्ट’ म्हणजे वाळवंट, आणि ‘थर्टीन’ व ‘थर्टी’. किंमत ऐकताना या शेवटच्या जोडीत गल्लत झाली, तर ती थेट खिशाला लागते.

चौथी पायरी : न समजल्यावर काय करायचे

चांगला ऐकणाराही गोंगाटात एखादा प्रश्न चुकवतो. अशा वेळी गप्प बसणे आणि न समजता ‘यस’ म्हणणे या दोन सवयी मोडायच्या आहेत. ‘व्हॉट?’ तुटक वाटते. चढत्या आवाजातले ‘सॉरी?’ पुरे. पण ‘सॉरी?’ म्हटल्यावर वेटर बहुधा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो, म्हणून त्याहून चांगली युक्ती शिकवावी : जेवढे ऐकू आले तेवढे म्हणावे आणि पुढची जागा प्रश्नार्थक आवाजात मोकळी सोडावी. ‘सॉरी, मशरूम ऑर…?’ असे म्हटले, की वेटर नेमका राहिलेला शब्दच सांगतो. ही युक्ती तोंडात बसायला वेळ लागतो, पण नवशिक्याला याहून उपयोगी दुसरे काही देता येणार नाही, असे मला वाटते. तिच्या जोडीला ‘व्हॉट डज इट कम विथ?’, ‘व्हॉट’स इन इट?’ आणि अगदीच अडले तर ‘कुड यू शो मी ऑन द मेन्यू?’ ही तीन वाक्ये द्यावीत.

ऑर्डर घेतल्यावर अनेक वेटर ती वाचून दाखवतात. त्या वेळी मान डोलावत बसू नये, एकेक पदार्थ मोजावा आणि चूक असेल तर ‘नो, सॉरी, जस्ट वन सूप’ असे तिथल्या तिथे सांगावे. सरावासाठी शिक्षकाने ऑर्डर मुद्दाम चुकीची वाचून दाखवावी.

पाचवी पायरी : पथ्य, ॲलर्जी आणि बदल

इथे भाषेची चूक प्रकृतीवर बेतू शकते, त्यामुळे हा भाग घाईने उरकू नये. ‘आय डोन्ट ईट एग्ज’ आणि ‘आय’म ॲलर्जिक टू एग्ज’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिले आवडीनिवडीचे किंवा नियमाचे आहे. दुसरे ऐकल्यावर वेटरला स्वयंपाकघरात चौकशी करावी लागते. ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांनी आपल्या घटकाचे इंग्रजी नाव अचूक पाठ करावे आणि ते कागदावर लिहून जवळ ठेवावे. ‘पीनट्स’ (शेंगदाणे) आणि ‘ट्री नट्स’ (बदाम, काजू, अक्रोड वगैरे) हे वेगळे गट आहेत. भुईमुगाची ॲलर्जी असलेल्याने नुसते ‘नट्स’ म्हणून थांबू नये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही गहू, दूध, अंडी, मासे, तीळ, सोया, मोहरी अशा १४ घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते, आणि पुष्कळ मेन्यूंवर पदार्थाच्या नावापुढे छापलेले बारीक आकडे किंवा अक्षरे याच घटकांची असतात. असा मेन्यू मिळाला तर खुणांचा तक्ता वाचण्याचा सराव अवश्य द्यावा.

शाकाहारी विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. ‘व्हेज’ आणि ‘नॉन-व्हेज’ ही वर्गवारी भारतीय इंग्रजीतली आहे. ब्रिटनमध्ये ‘व्हेज’ म्हणजे नुसत्या भाज्या. तिथे ‘व्हेजिटेरियन’ हा पूर्ण शब्द वापरावा, आणि त्यात अंडे चालते असे सर्वसाधारणपणे धरले जाते हेही लक्षात ठेवावे. ‘व्हीगन’ म्हटले तर दूध, दही, लोणीही वगळले जाते. म्हणून नुसत्या शिक्क्यावर विसंबून राहू नये आणि थेट प्रश्न विचारावा : ‘इज देअर एनी एग इन दिस?’, ‘इज द सूप मेड विथ मीट स्टॉक?’ भाज्यांचे सूप मांसाच्या उकडपाण्यात केलेले असू शकते, हे नावावरून कळत नाही.

पदार्थात बदल मागण्यासाठी ‘विदाउट’, ‘इन्स्टेड ऑफ’ आणि ‘ऑन द साइड’ एवढे पुरते. ‘ऑन द साइड’ म्हणजे सॉस किंवा ड्रेसिंग वेगळ्या वाटीत.

सहावी पायरी : अडथळ्यांसह नाट्यीकरण

दोघांनाही पुढचे वाक्य माहीत असलेले नाट्यीकरण म्हणजे पाठांतराची परीक्षा असते. बोलण्याची खरी गरज तेव्हाच निर्माण होते, जेव्हा एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात चालवलेल्या, कृतींतून इंग्रजी शिकवण्याच्या बंगळूर प्रकल्पात माहितीतल्या अशा तफावतीचा वापर केलेला होता, आणि या पाठाला ती पद्धत चपखल बसते. वेटरला एक चिठ्ठी द्यावी : कोणता पदार्थ संपला आहे, कशासोबत काय येते, कशाला वेळ लागेल. ग्राहकाला दुसरी : किती पैसे खर्च करायचे आहेत, काय चालत नाही. एकमेकांची चिठ्ठी पाहायची नाही. सुरुवातीला वेटर शिक्षकानेच व्हावे, म्हणजे प्रश्नांचा वेग खरा राहतो. नंतर ही भूमिका वर्गातल्या तयारीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावी.

ग्राहकाच्या चिठ्ठीवर ‘सूप हवे, दुधाची ॲलर्जी’ एवढेच लिहिले असेल, तर संवाद काहीसा असा जाईल.

वेटर : आर यू रेडी टू ऑर्डर?
ग्राहक : यस. कॅन आय हॅव द टोमॅटो सूप, प्लीज?
वेटर : सॉरी, द टोमॅटो’ज ऑफ टुडे. वी’व्ह गॉट मशरूम ऑर लेंटिल.
ग्राहक : सॉरी, मशरूम ऑर…?
वेटर : लेंटिल.
ग्राहक : आय’म ॲलर्जिक टू मिल्क. इज देअर एनी मिल्क ऑर क्रीम इन द लेंटिल?
वेटर : नॉट इन द सूप, बट इट कम्स विथ बटर्ड टोस्ट.
ग्राहक : कॅन आय हॅव इट विदाउट द टोस्ट?
वेटर : शुअर. आय’ल लेट द किचन नो.

या संवादात ग्राहकाची वाक्ये छोटी आहेत, तरी प्रत्येक वळणावर त्याला निर्णय घ्यावा लागला आहे. ‘ऑफ’ म्हणजे संपले हे त्याला अंदाजाने कळले, ‘लेंटिल’ निसटले ते त्याने पुन्हा मिळवले, आणि ‘बटर्ड’ ऐकताच लोणी दुधापासून होते हे त्याच्या ध्यानात आले. ‘बटर्ड’ हा शब्द कानावरून गेला तर विद्यार्थी ‘ओके’ म्हणून मोकळा होतो. तसे घडले तर तिथे थांबवू नये. ऑर्डर पूर्ण होऊ द्यावी आणि मग चिठ्ठी उघड करून काय घडले असते ते वर्गालाच ओळखायला लावावे.

चुकांची दुरुस्ती एरवीही संवाद संपल्यावरच करावी. प्रत्येक जोडीजवळ तिसरा विद्यार्थी निरीक्षक म्हणून बसवावा आणि त्याला दोनच गोष्टी टिपायला सांगाव्यात : ग्राहक कुठे न समजता ‘यस’ म्हणाला, आणि मागणी कुठे हुकमासारखी झाली. एखादे उपपद सुटले, वचन चुकले, तर त्याकडे या पाठापुरती डोळेझाक करावी.

सातवी पायरी : तक्रार आणि बिल

तक्रारीसाठी एकच घडण पुरते : आधी ‘एक्सक्यूज मी’, मग ‘आय थिंक’ किंवा ‘अ बिट’ने सौम्य केलेले वाक्य. ‘एक्सक्यूज मी, दिस इज अ बिट कोल्ड’ किंवा ‘आय थिंक आय ऑर्डर्ड द फिश’. बिल ब्रिटिश इंग्रजीत ‘बिल’ आणि अमेरिकन इंग्रजीत ‘चेक’. ‘कुड वी हॅव द बिल, प्लीज?’ म्हटले तरी दोन्हीकडे समजते. वेगवेगळे पैसे द्यायचे असतील तर ‘कॅन वी पे सेपरेटली?’, आणि बिलात सेवाशुल्क धरले आहे का हे विचारायला ‘इज सर्व्हिस इन्क्लुडेड?’.

मूल्यमापन

शेवटच्या तासिकेत विद्यार्थ्यांनी कधी न पाहिलेला मेन्यू आणि शक्य असेल तर अनोळखी आवाजाचा वेटर, म्हणजे शाळेतला दुसरा शिक्षक किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी, आणावा. प्रत्येकाला चिठ्ठी वाचायला एक मिनिट आणि ऑर्डर द्यायला तीन मिनिटे द्यावीत, आणि वेटरने निदान दोन अनपेक्षित प्रश्न विचारावेत. गुण देताना आधी निकाल पाहावा : चिठ्ठीवर होते ते ग्राहकाला मिळाले का, आणि चालत नव्हते ते टळले का? भाषेचे गुण त्यानंतर. अस्खलित बोलून चुकीचा पदार्थ मागवणाऱ्यापेक्षा, दोनदा ‘सॉरी?’ म्हणून योग्य पदार्थ मिळवणाऱ्याला जास्त गुण मिळायला हवेत, आणि हा निकष विद्यार्थ्यांना पहिल्याच तासिकेत सांगून ठेवावा. जे इथे अडतात ते बहुतेक दुसऱ्या पायरीवर कच्चे राहिलेले असतात. त्यांना नवी वाक्ये देण्यापेक्षा पुन्हा एकदा तीन कार्डे हातात द्यावीत आणि प्रश्नांचा वेग थोडा वाढवावा.